सिस्टर अक्काचा हलका हात

मी विकलेले लॅपटॉप माझ्या लक्षात राहत नाहीत. गिऱ्हाईक पायरी उतरलं की विषय संपला. पण न विकलेला एक लॅपटॉप अजून माझ्या डोक्यात ठाण मांडून आहे. तो सिस्टर अक्काने धुळ्याहून आणला होता. जळगावात माझं जुन्या लॅपटॉपचं दुकान, दुकानाच्या बरोबर वर तिचं घर, आणि ही बाई धुळ्याच्या दुकानाचं नाव छापलेली पिशवी हातात धरून माझ्या काउंटरसमोरून जिना चढली. चढता चढता मला म्हणाली, "चहा टाकतेय, सुनंदा. ये."

मी गेले नाही. बरेच दिवस गेले नाही. आज ती या जगात नाही आणि मी तिच्याविषयी लिहायला बसले आहे, तरी पहिली आठवण त्या पिशवीचीच येते. याला माझा इलाज नाही.

तिचं नाव शांता. धुळ्याच्या एका सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून तिची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर नवऱ्याने जळगावात घेऊन ठेवलेल्या दोन खोल्यांत ती राहायला आली. नवरा तोवर गेला होता, मूलबाळ नव्हतं. वयाने मोठी म्हणून गल्लीची ती अक्का झाली, आणि ज्यांनी तिच्याकडून कधी इंजेक्शन टोचून घेतलं ते तिला सिस्टर म्हणत राहिले. हळूहळू दोन्ही शब्द एकमेकांना चिकटले. नवीन माणूस हसला की ती सांगायची, "मी दोनदा बहीण आहे." तेव्हा मला तो विनोद वाटायचा.

उंच, सडसडीत बाई. केसांचा घट्ट अंबाडा, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. हात धुतले की ती ते लगेच पुसायची नाही. कोपरं खाली, तळवे वर, असे धरून पाणी निथळू द्यायची. थिएटरची सवय. माझ्या भाचीच्या लग्नात पंगतीआधी ती तशीच उभी राहिली, तर नवऱ्या मुलाकडचे एक आबा येऊन तिच्यासमोर वाकले. त्यांना वाटलं कोणी साध्वी आशीर्वाद द्यायला उभी आहे. अक्काने हात खाली न करता त्यांना विचारलं, कंबर कधीपासून दुखते, वाकताना डावीकडे झुकता तुम्ही. आबा तिच्या शेजारीच जेवायला बसले आणि पानावरून उठेपर्यंत आपली कंबर सांगत राहिले.

दुसरी सवय मोजण्याची. आमच्याकडे हिवाळ्यात शेतावर भरीत पार्ट्या होतात. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, सोलून ठेचायची, वर तेल सोडायचं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर बोटं चाटत खायचं. एका वर्षी मी अक्काला घेऊन गेले. तिने कांद्याची पात चिरायला घेतली, तेव्हाच तिथल्या सुऱ्या आणि चमचे मोजून ठेवले असावेत. पानं मांडली, लोक बसले, आणि ही उभी राहून म्हणाली की एक सुरी कमी आहे, कोणी हात लावू नका. भुकेली माणसं चिडली. माझा दीर तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "अक्का, हे काय ऑपरेशन आहे का?"

"पोटातच जाणार आहे ना?" अक्का म्हणाली.

सुरी भरताच्या पातेल्यात तळाशी सापडली. ठेचताना कोणाच्या तरी हातून आत गेली होती. त्यानंतर आमच्या शेतावर मोजल्याशिवाय कोणी जेवायला बसत नाही. दीर स्वतः मोजतो आणि ती पद्धत आपणच काढली असं सांगतो.

आता माझ्या दुकानाचं सांगते, कारण अक्का माझ्या आयुष्यात आली ती दुकानातून, आणि आली तीच माझं गिऱ्हाईक घालवून. मी चाळीसगावच्या स्टेशनबाहेर हातगाडीवर मोबाइलची कव्हरं विकत सुरुवात केली. मला कोणी शिकवलं नाही आणि कोणी उभं केलं नाही. मुंबई-पुण्याच्या ऑफिसांतून निघालेले लॅपटॉप घेते, दुरुस्त करते, विकते. घेताना मी इतकी ओढते की समोरचा कंटाळून देतो, आणि विकताना इतकी ताणते की समोरचा कंटाळून घेतो. माझा आवाज मोठा आहे. असू दे. हातगाडीवर हळू बोलणाऱ्या बाईचं कव्हर कोणी घेत नाही.

तर त्या दिवशी एक लॅपटॉप गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी मी चकाचक करत होते. आमच्या घरी आरसा जसा पुसायचे तसाच: जुन्या वर्तमानपत्राचा बोळा, पाणी, आणि मनगटाचा जोर. कर्रकर्र आवाज येत होता. त्या आवाजाने अक्का जिना उतरून खाली आली. तोवर आमची फक्त जाण्यायेण्याची ओळख होती. पहूरचे एक गृहस्थ मुलीसाठी लॅपटॉप घ्यायला आले होते आणि जवळजवळ तयार झाले होते.

अक्काने विचारलं, "काय करतेस?"

"काच पुसतेय."

"काच कुठे आहे यात?" तिने बोट न टेकवता स्क्रीनच्या जवळ नेलं. "ही कातडी आहे. भाजलेल्या माणसाला नवी कातडी येते ना, तेवढीच नाजूक. आणि तुझा हात जड आहे."

पहूरच्या गृहस्थांनी लॅपटॉप उचलून उजेडात तिरका धरला. पुसल्याचे गोल गोल ओरखडे दिसले. ते म्हणाले, घरी विचारून येतो. ते अजून विचारत आहेत.

मी अक्काला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, वर गेली, आणि मला वाटलं बरं झालं, गेली. तर ती दोन फडकी आणि एक छोटी काचेची कुपी घेऊन परत आली. फडकी चष्म्याच्या दुकानातली, मऊ, तंतू न सोडणारी. कुपीत इंजेक्शनचं औषध कालवायला वापरतात ते शुद्ध पाणी होतं. आमच्या नळाचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके उठतात, म्हणून ते नको. मग माझ्याच स्टुलावर बसून, माझ्याच मालावर, तिने मला धडा दिला.

तिचं सूत्र सोपं होतं: आधी बंद, मग गार, मग पुसणं. चार्जर काढायचा, लॅपटॉप पूर्ण बंद करायचा. काळ्या पडद्यावरच डाग खरे दिसतात, आणि गरम पडद्यावर ओल लगेच सुकून चट्टे पडतात. जळगावच्या मे महिन्यात लॅपटॉप गार व्हायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, पण ती थांबायची. मग कोरडं फडकं, नुसती धूळ उचलण्यापुरतं. धूळ आधी काढली नाही तर तीच वाळूसारखी घासली जाते. तेवढ्याने भागलं तर पाण्याला हातच लावायचा नाही. नाही भागलं तर कुपीतले थेंब फडक्यावर, पडद्यावर कधीच नाही. ओघळ खालच्या कडेतून आत गेला की संपलं. फडकं दमट हवं, ओलं नको. डावा तळवा झाकणाच्या मागे आधाराला धरायचा, आणि उजव्या हाताने वरून खाली, एकाच दिशेने, बाळाचं तोंड पुसावं तसं जायचं. डाग हट्टी असला तर जोर वाढवायचा नाही, फेऱ्या वाढवायच्या. शेवटी दुसऱ्या कोरड्या फडक्याने ओल टिपायची आणि पूर्ण वाळेपर्यंत सुरू करायचा नाही, झाकणही मिटायचं नाही.

करोनानंतर लोक लॅपटॉपवरसुद्धा सॅनिटायझर फवारत होते, आणि त्यांचे ढगाळलेले पडदे माझ्याकडे दुरुस्तीला यायचे. मी म्हटलं, तुम्ही दवाखान्यातल्या बायका तर सगळीकडे स्पिरिट लावता. ती म्हणाली, स्पिरिट कातडीवरचे जंतू मारतं, इथे ती कातडीच मारेल. आरशाचं निळं पाणी नको, साबण नको, कागदी रुमाल नको, साडीचा पदर तर नकोच नको. आणि कापूस नको. जन्म कापसाच्या बोळ्यांत गेलेला, माहेर अमळनेरकडचं, आसपास सगळा कापसाचाच व्यापार, पण स्क्रीनजवळ कापूस दिसला की ती माझ्या हातावर चापट मारायची. जिनिंगच्या दिवसांत हवेत तंतू उडतात म्हणून ती आपली फडकी घरातच वाळत घालायची.

त्यानंतर ती रोज दुपारी दुकानात येऊन बसू लागली. कोणत्या पडद्यात रंग खरे दिसतात, कोणत्यात माणूस गोरा दिसतो, बाजूने पाहिलं तर चेहरा काळा का पडतो, असले प्रश्न विचारायची. मी धंदेवाली बाई. मला कळलं की हिला लॅपटॉप घ्यायचा आहे. एक चांगला नग मी बाजूला काढूनही ठेवला. भाव मनात दोन ठेवले, एक तोंडाने सांगायचा आणि एक शेवटी द्यायचा. आणि मग ती पिशवी जिना चढली.

एवढं सगळं माझ्याकडे शिकून माल दुसरीकडून. तेही जळगावातल्या दुसऱ्या दुकानातून नाही, धुळ्याहून. मी तिच्याशी बोलणं बंद केलं. तिने केलं नाही. जाता-येता "सुनंदा, जेवलीस का," चालूच.

शेवटी एका संध्याकाळी मी भांडायलाच वर गेले. काय बोलायचं ते जिन्यावर जुळवून ठेवलं होतं. दार उघडं होतं. टेबलावर धुतलेला पंचा अंथरून त्यावर तो लॅपटॉप ठेवला होता, बंद. अक्का हात धुऊन, कोपरं खाली धरून, तो गार व्हायची वाट पाहत उभी होती. मला खुणेने बस म्हणाली. मग तिने पडदा पुसला, वाळू दिला, सुरू केला आणि कॉल लावला. पलीकडे एका बाईचा चेहरा आला. अक्कासारखाच, पण एका बाजूने ओघळलेला.

ती इंदू, तिची धाकटी बहीण. धुळ्याला मुलाकडे राहायची. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा चालायचा. सून मनीषा तिच्यासमोर लॅपटॉप मांडून ठेवायची. अक्का माझ्याशी पुस्तकासारखं शुद्ध बोलायची, पण पडद्यापुढे बसली की माहेरची अहिराणी बोलू लागायची; त्यात 'मनाकडे' म्हणजे माझ्याकडे आणि 'बठ्ठं' म्हणजे सगळं.

"इंदू, मनाकडे देख. बठ्ठं खादं ना? हास जरा."

इंदू अर्ध्या तोंडाने हसली. अक्का पुढे वाकून तो अर्धा भाग आणि न हसणारा अर्धा भाग दोन्ही पाहत राहिली. ओठाची कड, पापणी, गालाचा रंग. मग मनीषाला सांगितलं की आज पाणी कमी पोटात गेलंय, ओठ सुकलेत. मनीषा म्हणाली, हो अक्का, दुपारी घेतच नव्हत्या.

कॉल संपल्यावर अक्काने मला विचारलं, काय म्हणत होतीस. मी जिन्यावर जुळवलेलं आठवत होते, तोवर तीच बोलली. "ती बोलू शकत नाही. तिचं दुखणं मला तोंडावरून वाचावं लागतं. इथे एक बोटाचा ठसा असला तर तो तिच्या गालावर बसतो. डाग काचेवरचा की इंदूवरचा, ते मला कळलं पाहिजे."

स्वतः मात्र काच म्हणाली. मी लक्षात ठेवलं.

मी न भांडता खाली आले. पण मन शांत झालं असं नाही. उलट जास्त लागलं. एवढ्या कामासाठी घ्यायचा होता, तर मी तिला यापेक्षा चांगला पडदा दिला असता. एकदा विचारलंही, धुळ्याहूनच का घेतलास. ती म्हणाली, सांगेन कधीतरी. ही बाई भरताच्या पातेल्यातली सुरी हुडकल्याशिवाय जेवू देत नाही, आणि मला नुसतं "सांगेन कधीतरी".

मग तो दसरा आला. त्याच्या आदल्या दिवशी तिच्या लॅपटॉपची बिजागरी सैल झाली म्हणून तिने तो माझ्याकडे दिला. दुरुस्तीला मी चालते, ही वेगळी गोष्ट. दसऱ्याला मी दुकानातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करते. ही माझ्या आईची रीत; ती शिवणयंत्राला हळदकुंकू वाहायची. काउंटरवर सगळे लॅपटॉप उघडून ओळीत मांडले होते, मी एकेकाच्या पडद्याला वरच्या बाजूला बोटाने हळद आणि कुंकू लावत गेले आणि झेंडूचं फूल ठेवत गेले. ओळीत अक्काचाही होता. त्याला वगळणं मला बरं वाटलं नसतं. आजही त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही.

अक्का विहारातून परतली, दसऱ्याला ती पांढरी साडी नेसून तिथे जायची. ती दारात दिसली तशी मी घाईने तिचा लॅपटॉप ओल्या रुमालाने पुसला आणि हातात दिला. दुकानात गर्दी होती. वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. तिने तो तसाच वर नेला.

संध्याकाळी ती खाली आली तेव्हा मी एका जोडप्याशी भावावरून हातघाईवर आले होते. अक्काचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढला नाही, पण जोडपंही वळून तिच्याकडे बघू लागलं.

"पडद्यावर काय लावलंस?"

मी म्हटलं, हळद. सणाचा दिवस आहे. हळद काय विष आहे का?

"इंदू मला पिवळी दिसतेय," ती म्हणाली. "मला कळत नाही ती तुझी हळद आहे की तिची कावीळ."

मी पुसून देते म्हणाले आणि फडकं घेतलं. अक्काने आपला हात पुढे करून दाखवला. ज्या हातांनी आयुष्यभर ऑपरेशनला हत्यारं दिली, ते हात त्या दिवशी तिच्या ऐकण्यात नव्हते. ती म्हणाली, "माझ्याने होणार नाही आज. तू पूस. पण हात हलका कर."

जोडपं उभं राहिलं, बाकीचेही उभे राहिले. मी लॅपटॉप बंद केला आणि तो गार व्हायची वाट पाहिली. हयातीत मी कशाची अशी वाट पाहिली नव्हती. गिऱ्हाइकांतला एक जण निघून गेला, मी त्याला थांबवलं नाही. कोरडं फडकं फिरवलं. मग कुपीतले थेंब दुसऱ्या फडक्यावर घेतले, तळवा मागे धरला, आणि वरून खाली आले. फडक्याला पिवळं लागलं. पुन्हा वरून खाली. पुन्हा थोडं पिवळं. जोर द्यावा असं मनगटाला वाटत होतं, मी देऊ दिला नाही. फडकं अगदी पांढरं येईपर्यंत मी तशीच जात राहिले. अक्का माझ्या हाताकडे बघत होती. एका शब्दाने बोलली नाही, याचा अर्थ बरोबर चाललं होतं.

वाळल्यावर तिने आधी नुसतं कोरं पांढरं पान उघडलं. पान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पांढरं होतं. हळदीचा मागमूस नाही. मग तिने धुळ्याला कॉल लावला.

इंदू तशीच पिवळी होती.

अक्काने मनीषाला दिवा बदलायला सांगितला. मग म्हणाली, पांढरा अभ्रा घे आणि तिच्या गालाजवळ धर. अभ्रा पांढरा दिसला, गाल पिवळा. मग अक्का अगदी पडद्याजवळ गेली.

"इंदू, डोया उघड. मनाकडे देख."

इंदूने डोळे मोठे केले. डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं होतं. मनीषाचा दोष नाही. रोज समोर असलेला चेहरा हळूहळू बदलतो तो घरच्यांना दिसत नाही. अक्काने लॅपटॉप मिटला आणि मला म्हणाली, शेवटची एसटी मिळेल का?

मी शटर ओढलं. दसऱ्याच्या संध्याकाळी, दुकानात गिऱ्हाईक असताना, मी शटर ओढलं, हे आमच्या बाजारात अजून सांगतात. माझ्या गाडीने आम्ही निघालो. एरंडोल, पारोळा, दुतर्फा आपट्याची पानं वाटत फिरणारी माणसं. अक्का तळवे वर करून मांडीवर ठेवून बसली होती, जणू नुकतेच धुतले आहेत आणि कशालाही लावायचे नाहीत.

धुळ्याला घरात शिरले आणि मला पहिल्यांदा दिसलं ते इंदूच्या उशाचं स्टूल. त्यावर अक्काच्या लॅपटॉपचं जुळं होतं. तोच रंग, तोच आकार, पडदाही तसाच स्वच्छ. मनीषाला अक्काने फडक्यापासून सगळं शिकवलेलं. इंदूला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या नळीत खडा अडकला आहे, अजून थांबला असतात तर अवघड झालं असतं. त्यांनी विचारलं, एवढ्या लवकर कोणी ओळखलं? मनीषाने अक्काकडे बोट दाखवलं, अक्काने माझ्याकडे. मी उगीच भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

इंदूला आत नेल्यावर आम्ही बाकावर बसलो. मी तिथेही विषय काढला, कारण मला दुसरं काही बोलायला सुचत नव्हतं. मी म्हटलं, दोन घेतलेस आणि मला एकही विचारला नाहीस.

अक्का म्हणाली, "रंग दोन्हीकडे सारखे दिसायला हवे होते. म्हणून जुळी. आणि निवडले इंदूने. खुर्चीवर बसवून नेलं होतं तिला दुकानात. डाव्या हाताने तिने या दोघांवर थाप मारली. आजारी पडल्यापासून तिने कशाला हो म्हटलेलं ते पहिलंच. मग मी भावसुद्धा विचारला नाही."

मी म्हणाले, "मी गाडीभर लॅपटॉप धुळ्याला आणले असते. तिच्यासमोर मांडले असते."

"आणले असतेस," अक्का म्हणाली. "आणि तिने थाप मारल्या मारल्या तू भाव सांगायला लागली असतीस."



इंदू बरी झाली. अक्का मात्र पुन्हा जळगावला राहायला आली नाही. खोल्या रिकाम्या करायला आली तेव्हा मी तिचा लॅपटॉप मागितला. आता दोघी एकाच घरात, दोन कशाला? ती म्हणाली, घेऊन जा. मी म्हटलं फुकट घेणार नाही. मग आम्ही दोघी जिन्यात बसून भावावर भांडलो, ती खाली ओढत होती आणि मी वर. आयुष्यात पहिल्यांदाच उलट्या बाजूने घासाघीस केली आणि त्यातही ती जिंकली. वर दोन फडकी आणि कुप्यांचं खोकं तिने तसंच ठेवून दिलं.

तो लॅपटॉप मी विकायला ठेवला नाही. त्यावरून तिला कॉल करायचे. दुकान बंद करण्याआधी मी तो बंद करायचे, गार होऊ द्यायचे, पुसायचे. दुकानातले कामगार हसायचे. कॉलवर अक्का आणि इंदू शेजारी शेजारी दिसायच्या. धंदा कसा आहे, आवाज किती चढवलास आज, असं अक्का विचारायची. इंदू डावा हात हलवायची.

मागच्या हिवाळ्यात अक्काच अंथरुणाला खिळली. तिचं हृदय थकलं होतं. मी जायचं ठरवलं होतं, आदल्या संध्याकाळी कॉल लावला. मनीषाने लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला असावा, कारण चेहरा खालून दिसत होता, लहान झालेला. मागे इंदू तिच्या खांद्याला हात लावून बसली होती. अक्काने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, तिच्या त्या वाचण्याच्या नजरेने.

"तुझ्या गालावर काय आहे गं? काचेवरचा डाग की तुझ्यावरचा?"

मी म्हटलं, "काचेवरचा असेल, अक्का. बंद करून पूस."

"बंद नको आता," ती म्हणाली.

चालू पडदा तिने कधी पुसला नव्हता. मला पुसू दिला नव्हता. तिने उशाखालून फडकं काढलं आणि हात वर नेला. फडक्याने कॅमेरा झाकला गेला, माझ्यासमोर सगळं पांढरं झालं, मग वरून खाली तिचा तळवा आला, सावकाश, आणि पुन्हा तिचा चेहरा दिसला. ती बघत होती.

"गेला नाही," अक्का म्हणाली. मनीषाला वाटलं काच नीट पुसली गेली नाही, ती फडकं घ्यायला पुढे आली. अक्काने मानेनेच नको म्हटलं आणि पुन्हा हात वर नेला. मी ओला गाल पुसला नाही. ती वरून खाली येईपर्यंत हललेही नाही.